बैठकीच्या खोलीसाठी स्टिरिओ घ्यावा की ५.१?

मंद्रसप्तक:
नमस्कार. आमची बैठकीची खोली १० बाय १४ फुटांची असून सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. घरात मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकले जाते. वडिलांचा जीव बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत आहे. मुले सुट्टीच्या दिवशी चित्रपट पाहतात. ६०,००० रुपयांत दोन चांगले स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, की दुकानदार याच रकमेत देऊ करत असलेला ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर व सबवूफरचा (केवळ खर्जाच्या स्पीकरचा) संच घ्यावा?

खर्ज:
माझे मत निःसंदिग्धपणे स्टिरिओच्या बाजूने आहे. आपण ऐकता ते बहुतेक संगीत डाव्या-उजव्या अशा दोनच वाहिन्यांत (चॅनेलमध्ये) मुद्रित झालेले आहे, आणि वडिलांच्या आवडीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तर मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आहेत, कारण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्याच मुळी १९५८ च्या सुमारास. ती मुद्रणे दोन स्पीकरवर लावली की गायक बरोबर मधोमध बसून गातो आहे असे वाटते. तीच रिसीव्हरच्या (५.१ चे सर्व स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) कृत्रिम सराउंडवर, म्हणजे सगळ्या स्पीकरांत आवाज पसरवणाऱ्या सोयीवर लावली, तर आवाजाला नसलेला घुमारा चिकटतो. शिवाय तीच रक्कम सहा खोक्यांत वाटली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार?

खोलीचाही विचार करावा. ५.१ मध्ये बाजूचे स्पीकर श्रोत्याच्या किंचित मागे, समोरच्या मध्यरेषेपासून साधारण ११० अंशांवर असावे लागतात. सोफा भिंतीला टेकलेला असताना ते कानाशीच येतील. तसेच भिंतीलगत खर्जाचा आवाज फुगतो, आणि तबलजीने डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐकूच येत नाही, केवळ गुमगुम उरते. काहीही विकत घेण्याआधी सोफा दीड-दोन फूट पुढे ओढून पाहा.

काठापदर:
संगीताबाबत सहमत आहे, परंतु चित्रपटांचा मुद्दा इतक्या सहज सोडून देऊ नये. चित्रपटातील संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. दोन स्पीकरवर ते मधोमध भासतात खरे, पण केवळ मध्यभागी बसलेल्याला. कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला ते जवळच्या स्पीकरमधून येताना ऐकू येतात. घरातले चौघे मिळून पाहणार असतील, तर मधल्या स्पीकरचे मोल मागच्या दोन स्पीकरांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

मंद्रसप्तक:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल सोफा पुढे घेतला आणि मित्राचे दोन जुने स्पीकर एकमेकांपासून सात फुटांवर, तितक्याच अंतरावर बसून ऐकले. डग्गा खरोखरच सुटा झाला. वडील गाणे संपेपर्यंत उठले नाहीत. आता रिसीव्हर आणि दोन स्पीकर घेऊन मधला स्पीकर पुढच्या वर्षी जोडला, तर तोवर संवाद हरवतील का?

खर्ज:
हरवणार नाहीत, मात्र रिसीव्हरच्या स्पीकर सेटिंगमध्ये सेंटर (मधला स्पीकर) ‘नन’, म्हणजे ‘नाही’ असा ठेवावा, म्हणजे मधली वाहिनी डाव्या-उजव्या स्पीकरांत समान वाटली जाते. मधला स्पीकर पुढे घ्याल तेव्हा तो समोरच्या जोडीच्याच मालिकेतला घ्यावा, अन्यथा पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेले की त्याच्या आवाजाची जात मध्येच बदलते.