मदत हवी आहे: नागपूरचे पाहुणे, पाच दिवस आणि भरती-ओहोटीचा हिशोब

नमस्कार मंडळी,

शनिवारी २४ जानेवारीला सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने माझी कॉलेजची मैत्रीण सहकुटुंब येते आहे. ती, तिचा नवरा, चौथीतली लेक आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही काकूच म्हणतो. बुधवारी २८ तारखेला संध्याकाळी त्याच गाडीने परत. मुक्काम आमच्याकडे मुलुंडला. गेटवे, जुहू, सिद्धिविनायक, मरीन ड्राइव्ह हे सगळं मागच्या खेपेला टॅक्सीतून उतरत-चढत झालेलं आहे. या वेळी मैत्रिणीने स्पष्ट सांगितलंय, "तू जे दाखवशील ते बघू, पण यादीतलं नको."

जंगलाचं त्यांना अप्रूप नाही. ताडोबा आणि पेंच त्यांच्या दाराशी आहेत. त्यांना नाही तो समुद्र. परवा फोनवर लेकीने विचारलं, "मावशी, ओहोटीला पाणी जातं ते कुठे जातं?" तेव्हाच मनाशी ठरलं, की या वेळचा बेत घड्याळापेक्षा समुद्राच्या वेळांवर बसवायचा. आपण इथले लोक रोज लोकलच्या वेळा पाठ म्हणतो आणि तीन बाजूंनी पाणी असलेल्या गावात राहतो हे विसरून जातो. पाहुण्यांना नेमकं तेच दिसावं अशी माझी फार इच्छा आहे.

हिशोब आजोबांनी शिकवलेला आहे. तिथीला पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रविवारी रथसप्तमी, म्हणजे भरती सव्वापाचला, ओहोटी सव्वाअकराच्या आसपास. सोमवारी अष्टमी, भरती सहाला. मंगळवारी नवमी, पावणेसात. बंदराच्या कोष्टकाशी ताडून बघेनच, पण बेत आखायला एवढं पुरतं.

आता अडचणी. काकूंचे गुडघे दुखतात. सपाटीवर त्या माझ्यापेक्षा जास्त चालतील, पायऱ्या मात्र मोजक्याच आणि कठड्याला धरून. दुसरी अडचण सुट्ट्यांची. सोमवारी राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी दोन्ही बंद, बुधवारी राणीची बाग बंद, रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक. त्यात यंदा सोमवारी प्रजासत्ताक दिन, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टीची गर्दी.

माझा कच्चा बेत असा आहे.

शनिवारी दुपारपर्यंत आराम. मग सीएसएमटीला उतरून ११५ नंबरची डबलडेकर, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. जुन्या लाल डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात गेल्या, आताच्या विजेवरच्या आणि वातानुकूलित आहेत. पण वरून शहर तसंच दिसतं, झाडाच्या फांद्या काचेला घासून जातात. उतरून ओव्हल मैदान. मैदानाच्या एका अंगाला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, सगळं दगडी आणि टोकदार. समोरच्या अंगाला गोलाईच्या बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. मधल्या हिरवळीवर एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे सामने. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली जागतिक वारसा झाल्या आहेत.

रविवारी पहाटे शिवडीला फ्लेमिंगो, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत परत. मग राणीची बाग. लेकीला पेंग्विन बघायचे आहेत, मला तिला दुसरेच दोन प्राणी दाखवायचे आहेत. एक घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं तोच हा. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला, तुकडे जोडून पुन्हा उभा केला, आणि आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. दुसरा खुद्द काळा घोडा. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ साली चौकातून हलवला तो याच बागेत आला. चौकाचं नाव मात्र तसंच राहिलं, आणि २०१७ पासून तिथे बिनस्वाराचा नवा घोडा उभा आहे. घारापुरीचा हत्ती आणि फोर्टातला घोडा भायखळ्याला एकत्र नांदतात, ही गोष्ट मला या शहराबद्दल सगळ्यात आवडते. हत्तीच्या अंगावरचे जोड जवळून बघितले तर कळतात. लेकीला ते शोधायला लावणार आहे.

सोमवारी बाणगंगा आणि गिरगावातली जुन्या घरांची खोताची वाडी. मंगळवारी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी. बुधवारी वसईचा किल्ला आणि तिथून परस्पर गाडी.

आता प्रश्न.

घारापुरी की कान्हेरी? दोन्ही करायला काकूंना झेपणार नाही. माझा कल कान्हेरीकडे आहे, आणि त्याला कारण आहे. आमच्या खिडकीतून जो डोंगर दिसतो त्याच्याच पलीकडे ती लेणी आहेत. शंभराहून जास्त लेणी, आणि जवळपास प्रत्येकाशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. पावसाचं पाणी पन्हळींनी टाक्यात उतरवलेलं. समुद्राचं पाणी दाखवल्यावर हे गोडं पाणी दाखवावं, असा विचार आहे. पण काकू वर कितपत जाऊ शकतील? घारापुरीला डोलीची सोय आहे, इथे काय?

शिवडीला जानेवारीत पक्षी जवळ येतात का? की ऐरोलीच्या बोटीचं बघू? अटल सेतूनंतर तिकडे गेलेल्यांनी कृपया सांगा.

आणि बाणगंगेला सध्या पायऱ्यांची काय अवस्था आहे? समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा झरा, १७१५ साली रामा कामतांनी बांधून काढलेला तलाव, हे काकूंनी बघितलंच पाहिजे. खाली पाण्यापर्यंत नाही नेता आलं तरी वर टेकून बसायला जागा मिळाली तर बरं.

हॉटेलं-मॉल सुचवू नका, प्लीज. बाकी काहीही चालेल.

प्रतिसाद १

ताई, पाऊणपटीचा हिशोब वाचून बरं वाटलं. आमच्याकडे अजून पंचांग बघूनच होडी काढतात.

पण शिवडी पहाटे करू नका. धक्का पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि पक्षी नुसते काळे ठिपके दिसतात. दुपारी ऊन पाठीमागून येतं तेव्हाच पंखांचा गुलाबी रंग कळतो. शिवाय पूर्ण ओहोटीला जाऊन उपयोग नाही, तेव्हा पाणी लांब असतं आणि पक्षीही पाण्याच्या कडेला लांब असतात. ओहोटी होऊन पाणी परत चढायला लागलं की ते चिखलातून चरत चरत धक्क्याकडे सरकतात. म्हणजे तुमच्या हिशोबाने सोमवारी अष्टमीला ओहोटी बारा, तुम्ही अडीच-तीनला तिथे हवं. एक लक्षात ठेवा, अष्टमी म्हणजे भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. उधाणाला जेवढा चिखल उघडा पडतो तेवढा पडणार नाही. तरी लेकीच्या प्रश्नाला हीच जागा उत्तम. धक्क्यावर अर्धा-पाऊण तास नुसतं बसवा, पाणी चिखलावरून चढत येताना तिला डोळ्यांनी दिसेल.

शिवडी स्टेशनबाहेर रिक्षा मिळणार नाही, टॅक्सी करा. नागपूरकरांना आधी सांगून ठेवा, शहरात रिक्षा नसते याचं त्यांना हमखास नवल वाटतं. दुर्बीण न्याच. ऐरोलीच्या बोटीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते आणि सुट्टीच्या दिवसांत जागा भरलेल्या असतात, त्यामुळे आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका.

प्रतिसाद २

कान्हेरीच करा. माझ्या आईला नेलं होतं, तिचेही गुडघे असेच. उद्यानाच्या दारापासून लेणी सहाएक किलोमीटर आत आहेत, तिथपर्यंत बस जाते. तिकीटघरापासून थोड्या पायऱ्या चढलं की तिसऱ्या क्रमांकाचं लेणं लागतं. एवढं एकच बघितलं तरी चालेल. मोठं चैत्य, आत खांबांच्या दोन रांगा, आणि बाहेरच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना उंचच उंच बुद्ध. काकूंना व्हरांड्यात सावलीला बसवा, सोबत कोणीतरी थांबा, बाकीच्यांनी वर टाक्या बघून या. वरच्या पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत आणि झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, तिथे काकूंना नेऊ नका. डोली वगैरे मला तिथे दिसली नाही.

हातात खाऊची पिशवी अजिबात नको. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. पाणी भरपूर घ्या. मंगळवार चांगला निवडलात, सुट्टी संपलेली असेल. पण मुलुंडहून बोरिवलीला सकाळी लवकर निघा, नाहीतर डोंगराला वळसा घालण्यातच सकाळ जाईल.

एक भर घालतो. वेळ उरला तर परतताना बोरिवलीतच मंडपेश्वर बघा. शिवाचं लेणं, पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं, भिंतीवर कोरलेला क्रूस अजून आहे, आणि आज पुन्हा तिथे शंकराची पूजा होते. वर पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. चढ जवळजवळ नाहीच. काकूंना कान्हेरीपेक्षा हे जास्त आवडलं तर आश्चर्य वाटायला नको.

प्रतिसाद ३

परतीच्या दिवशी वसई ठेवू नका, कळकळीने सांगते. घोडबंदर रस्त्यावर अडकलात तर गाडी चुकलीच म्हणून समजा. रविवारी पहाटे गाडी करून जा, त्या वेळी रस्ता त्यातल्या त्यात मोकळा असतो. किल्ला सपाटीवर आहे, काकूंसाठी याहून सोयीची जागा नाही. चिमाजीअप्पांनी १७३९ला घेतला तोच हा. आत छत उडालेली चर्चेस आहेत, कमानींतून वडा-पिंपळाची मुळं उतरलेली आहेत. एका दरवाज्यातून बाहेर पडलं की कोळ्यांच्या होड्या आणि सुकत घातलेली मासळी. वास येईल, पण नाक दाबून पुढे नेऊ नका त्यांना, थांबवा. बायका बोंबील कसे जोडीजोडीने बांबूवर अडकवतात ते लेकीला बघू द्या.

अलिबागचा मोह कोणी घातला तर या खेपेला टाळा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा तासाभराचं आहे, छानच आहे, पण पुढे अलिबागला जाऊन कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं तर उधाणाची ओहोटी लागते. भांगाला वाटेवरचं पाणी पूर्ण हटेल याची खात्री नाही.

बाणगंगेला मी दिवाळीनंतर गेले होते. देवळांच्या बाजूला वरच्या पायरीवर बसायला जागा आहे, झाडाची सावली आहे. सकाळी आठच्या आत गेलात तर बदकं आणि पूजेला आलेली माणसं सोडून कोणी नसतं. तिथून कमला नेहरू उद्यान जवळ. लेकीला म्हातारीचा बूट, आणि बाकीच्यांना मलबार हिलची झाडांतून जाणारी ती नवी लाकडी वाट. पंचवीस रुपये तिकीट आहे, वेळ ऑनलाइन घ्यावी लागते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उन्हाची दिशा माझ्या डोक्यातच आली नव्हती, फार मोलाचं सांगितलंत.

बदललेला बेत लिहिते. शनिवारी दुपारी राणीची बाग आणि संग्रहालय. रविवारी पहाटे वसई. सोमवारी सकाळ मोकळी, मैत्रिणीच्या नवऱ्याला शिवाजी पार्कचं संचलन बघायचं आहे, तर तो आणि आमचे हे जातील. दुपारी सगळ्यांनी शिवडी. मंगळवारी कान्हेरी आणि मंडपेश्वर. बुधवारी सामान सकाळीच सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकायचं, मग बाणगंगा, खोताची वाडी, गिरगावहून मेट्रोने हुतात्मा चौक, ओव्हल, आणि शेवटी डबलडेकरने थेट स्टेशनच्या दारात. मेट्रोला लिफ्ट आहे, त्यामुळे काकूंची काळजी नाही. घारापुरी या वेळी नाही. हत्ती बघून झाल्यावर लेकीने बेटाचा हट्ट धरला तर पुढच्या हिवाळ्यात.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. बुधवारी दुपारी गिरगावात काकूंसाठी कांदा-लसूण नसलेलं साधं जेवण कुठे मिळेल? वरण-भात-भाजी चालेल, पण बसायला खुर्ची हवी आणि जिना नको. आणि खोताच्या वाडीत लोक राहतात, त्यांच्या दारासमोर पाच जणांचा घोळका घेऊन उभं राहणं मला बरं वाटत नाही. तिथले कोणी इथे असाल तर सांगा, कोणत्या वेळी आलेलं तुम्हाला त्रासाचं होत नाही, आणि फोटो काढण्याआधी कोणाला विचारायचं?