सोमवारी प्रोजेक्ट सबमिशन आणि लॅपटॉप बिटलॉकर की मागतोय, मदत हवी

मंडळी, लै अर्जंट आहे. मी सोलापूरला एमकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट टॉवेल कारखान्यातल्या कामगारांच्या मजुरीवर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत उन्हातान्हात फिरून 60 जणांचे फॉर्म भरून घेतले, सगळं एक्सेलमध्ये टाकलं, वर्डमध्ये 4 चॅप्टर झालेले. काल संध्याकाळी लाईट गेली. (आमच्याकडं त्यासाठी बल्ब बघावा लागत नाही, शेजारच्या मागांची खटखट एकदम थांबते.) लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय, त्यामुळं तोही गेला. लाईट आल्यावर चालू केला तर आधी तारीख-वेळ चुकल्याचं काहीतरी आलं, मी एंटर दाबत गेले आणि मग निळी स्क्रीन, 48 आकडी रिकव्हरी की टाका म्हणे. मी आयुष्यात कधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावायचं फीचर) चालू केलेलं नाही! माझा पिन टाकायला तर तिथं जागाच नाही.

सकाळी नवी पेठेत दाखवला. एक दुकानवाला म्हणाला फॉरमॅट मारावा लागेल, डेटा विसरा. दुसरा म्हणाला 1500 द्या, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटा देतो. देऊ का? पपांना आत्ता पैसे मागायचं जिवावर आलंय. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, दरवर्षी सबमिशनच्याच आठवड्यात सगळ्यांचे लॅपटॉप बंद पडतात. आता यावर काय बोलणार.

विंडोज 11 आहे. बॅकअप का नाही घेतला हे कृपया विचारू नका, घरचे विचारून झालेत.

प्रतिसाद:
1500 अजिबात देऊ नका. डिस्क एन्क्रिप्टेड आहे, कुठंही लावली तरी की मागणारच. फॉरमॅट तर नकोच नको. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर हे आपोआप चालू होतं आणि की त्याच अकाउंटला सेव्ह होते. तारीख चुकली म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा सेल गेला असणार, त्यानं बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) सेटिंग बदलली की बिटलॉकरला संशय येतो. मोबाईलवरून अकाउंट उघडा, डिव्हाइसेसमध्ये बघा.

धागाकर्ती:
बघितलं, माझ्या अकाउंटला एकपण की नाही 😭

प्रतिसाद:
लॅपटॉप नवा घेतलेला की कुणाचा जुना?

धागाकर्ती:
मावसभावाचा. त्यानं पुण्यात नवा घेतल्यावर हा मला दिला, फॉरमॅट न करताच.

प्रतिसाद:
मग की त्याच्या अकाउंटला असणार. त्याला निळ्या स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली 8 अक्षरं पाठवा, त्यावरून जुळवू दे.

धागाकर्ती:
मिळाली!!! दादा मीटिंगमध्ये होता, चार वेळा फोन कट केला, मग मावशीला करायला लावला तेव्हा उचलला. त्याच्या अकाउंटला तीन कींची यादी निघाली, त्यातली एक जुळली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आई वाचत होती आणि मी टाकत होते, एका गटात 6 चा 9 झाला तर तिथंच अडवलं, पुढं जाऊच देईना. विंडोज उघडल्याबरोबर आधी एक्सेल ड्राइव्हवर टाकली, चहा नंतर.

आता सेल बदलायचाय, पण तो बदलताना परत की मागेल का हो?

प्रतिसाद:
मागू शकतो. आधी बिटलॉकर बंद करा, नाहीतर की कागदावर लिहून ठेवा. आणि सेल सोमवारनंतर बदला, आत्ता त्याला हात लावू नका.