'भट्टी' म्हणावं की 'रिअ‍ॅक्टर'?

अनुवादिका
एका रसायन कारखान्याची सुरक्षा-पुस्तिका मराठीत करतेय. ती ऑपरेटरच्या हातात जाणार आहे. पहिल्याच पानावर अडले. न्यूक्लिअर रिअ‍ॅक्टरला आपण बिनदिक्कत 'अणुभट्टी' म्हणतो, मग रसायनांची अभिक्रिया ज्या बंद भांड्यात घडवतात त्या केमिकल रिअ‍ॅक्टरला 'रासायनिक भट्टी' का नको? लिहून पाहिलं, तर डोळ्यांपुढे नवसागर घातलेली हातभट्टीच आली. दहावीच्या पुस्तकात 'अभिक्रिया' आहे, त्यावरून 'अभिक्रियक' करता येईल. पण ते वाचून कोणी वेळेत व्हॉल्व्ह बंद करेल असं वाटत नाही.

पाळीवाला
ताई, 'अभिक्रियक' लिहिलंत तर पोरं त्या पुस्तिकेवर वडापाव ठेवतील. आम्ही रिअ‍ॅक्टरच म्हणतो. 'रिअ‍ॅक्टर चार्ज झाला', 'जॅकेटला ब्राइन सोड' (भांड्याभोवतीच्या कवचात मिठाचं गार पाणी), 'स्टरर बंद करू नको' (आतली रवी). भट्टी म्हटलं की आत जाळ आला. आमच्या भांड्यात कित्येकदा उलटं असतं, बॅच, म्हणजे एका वेळी भरलेला माल, शून्याच्या खाली धरून ठेवायची असते.

आणि 'ग्लासलाइन्ड'चं 'काचेचे पात्र' करू नका. भांडं पोलादाचंच असतं, आतून निळ्या काचेचा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा थर. तांब्याच्या भांड्याला कल्हई असते ना, आंबट कळकू नये म्हणून, तसंच ते. फरक एवढाच की कल्हई गेली तर कल्हईवाला येतो. इथे मॅनहोलमधून पाना पडला तर 'काच उडाली' म्हणतात आणि मग टँटलमचं (आम्लाला दाद न देणारा धातू) बूच बसवेपर्यंत बॅच बंद. बाकी बहुतेक आम्लं ही काच पचवते. हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि गरम कॉस्टिक सोडा मात्र तिला खातात.

तारापूरकर (निवृत्त)
अणुभट्टीतही जाळ नसतो हो! 1956 साली तुर्भ्याला सुरू झालेली अप्सरा तर पाण्याच्या हौदात टांगलेली होती. जड पाण्याच्या भट्टीत मोठं भांडं असतं ते कॅलँड्रिया. त्यातलं मंदकाचं, म्हणजे साखळी प्रक्रिया चालवणाऱ्या न्यूट्रॉनना धीमं करणारं, पाणी 70 अंशांच्या आसपास, म्हणजे उकळत्या चहापेक्षा कोमट. इंधनाच्या नळ्यांतून वाहणारं पाणी मात्र 300 अंशांच्या घरात, दाबाखाली. ऊन पाणी नळीत आणि त्यापेक्षा गार पाणी नळीबाहेर, अशी रचना असलेल्या वस्तूला भट्टी म्हणणारा माणूस आत डोकावला नसावा.

इंधनाला आम्ही बंडल म्हणायचो. मला 'जुडी' आवडतो. अर्ध्या मीटरच्या 19 कांड्या, मेथीच्या जुडीसारख्या एकत्र. तारापूर अणुवीजकेंद्राच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्यांत 37. कांडीचं आवरण झिरकोनियमच्या मिश्रधातूचं, कारण तो न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. गंमत अशी की त्याच्याच खनिजात हाफ्नियम असतं आणि ते न्यूट्रॉनचं अधाशी. ते वेगळं काढल्याशिवाय झिरकोनियम आमच्या कामाचं नाही. तांदळातले खडे निवडावेत तसं.

अनुवादिका
काका, 'जड पाणी' यावरही विचारायचंच होतं. माझ्या आजोळी बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तेव्हा 'पाणी जड आहे' म्हणतात!

तारापूरकर (निवृत्त)
ते क्षारांचं जड, पुस्तकात त्याला 'कठीण पाणी' म्हणतात. आमचं खरोखर वजनाला जड, साध्या पाण्याहून साधारण 11 टक्के, आणि 3.8 अंशांनाच गोठतं. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या कारखान्यात काढतात. डाळ त्यात शिजवून पाहिलेली नाही, परवडणारी नव्हती.

शब्दवेडा
भट्टीवर एवढे रागावू नका. संस्कृत 'भ्राष्ट्र' म्हणजे धान्य भाजायचं भांडं, तिथून ती आली. पुढे चुन्याची झाली, विटांची झाली, परटाची झाली. परटाच्या भट्टीत कपडे वाफेवर असतात, जाळात नव्हे. तेव्हा जाळ हवाच असा नियम मराठीने कधी पाळलेला नाही. शिकागोत 1942 साली भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचून पहिली साखळी प्रक्रिया चालवली, तेव्हा इंग्रजीतही तिला 'पाइल', म्हणजे चक्क 'ढीग' म्हणत. 'अणुढीग'पेक्षा अणुभट्टी बरी! शिवाय चार द्रव्यं योग्य प्रमाणात एकत्र आली की आपण 'भट्टी जमली' म्हणतो. रसायनवाल्यांना याहून नेमका वाक्प्रचार कुठला मिळणार?

पाळीवाला
जमली तर ठीक. खरी भट्टी सांगू? भांड्याला काच चढवतात ती. काचेची पूड फवारून अख्खं भांडं 800 अंशांच्या वर तापवतात, तेव्हा ती पोलादाला धरते. भट्टीतून आलेल्या वस्तूलाच भट्टी कसं म्हणायचं?

अनुवादिका
पटलं. पुस्तिकेत 'रिअ‍ॅक्टर' आणि 'आतली काच' असं ठेवते. आता एकच उरलं: 'थर्मल रनअवे', म्हणजे अभिक्रियेची उष्णता हाताबाहेर जाणं. 'औष्णिक पलायन' लिहिलं आणि स्वतःच हसले.

पाळीवाला
तिथे 'रनअवे' राहू द्या, खाली एक ओळ टाका. मी नव्या पोरांना दुधाचं सांगतो: उतू जायला लागल्यावर गॅस बंद केला की ते थांबतं. बॅच थांबत नाही, कारण गॅस तिच्या पोटातच असतो. वाढलेल्या प्रत्येक अंशाबरोबर ती आणखी जोरात उष्णता काढते. आणि भांडं मोठं तितकी पंचाईत, माल वाढतो त्या मानाने गार करणारी भिंत वाढत नाही.

अनुवादिका
हीच ओळ घालते. 'पोटातच' सकट.