आईबापांविना आलेले निर्वासित आणि त्यांच्या चिवटपणाचे कौतुक : आपले मत काय?

धागाकर्ता, अंबाजोगाई
आमच्या वाचनालयातील व्याख्यानात परवा वक्त्यांनी दक्षिण सुदानच्या मुलांची हकीकत सांगितली. १९८७ च्या सुमारास यादवी युद्धात गावे जळाल्यावर हजारो मुले, त्यातही बहुतेक मुलगेच, आईबापांविना पायी चालत इथिओपियात पोहोचली. १९९१ मध्ये तेथील राजवट कोसळताच त्यांना तेथूनही निघावे लागले आणि १९९२ पासून ती केनियातील काकुमाच्या छावणीत वाढली. त्यांतील सुमारे ३,८०० जणांना २००१ च्या आसपास अमेरिकेने आसरा दिला. शेवटी वक्ते म्हणाले, “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,” आणि टाळ्या पडल्या. मला ते खटकले. त्याच घावांनी ज्या दगडांची खडी झाली, त्यांचा उल्लेख व्याख्यानात कोठेच नव्हता. अशा मुलांच्या चिवटपणाचे कौतुक करताना आपण बहुधा आपली जबाबदारीच हळूच बाजूला सारत असतो, असे माझे मत आहे.

प्रतिसाद, परभणी
सर, मी आपल्याशी सहमत नाही. काकुमात ही मुले गटागटाने राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि मोठी मुले धाकट्यांना सांभाळीत. अमेरिकेत गेल्यावर मिळेल ते काम करून त्यांच्यापैकी कित्येकांनी शिक्षण घेतले आणि पगारातला वाटा मागे राहिलेल्यांना पाठवला. हे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व आहे. ‘बिचारी पोरकी पोरे’ एवढेच म्हणून थांबलो, तर ज्यांनी त्यांच्या हातून सर्व काही हिरावले, त्यांच्याच रांगेत आपण जाऊन बसू. चिवटपणा हा शब्द रुचत नसेल, तर आपण त्याला उभारी म्हणू. पण ती नाकारू नका.

प्रतिसाद, शिक्षिका, केज तालुका
दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडचे मजूर उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि त्यांची मुले आजी-आजोबांजवळ राहतात. जेवायला हंगामी वसतिगृहात आणि निजायला आजीच्या घरी, असा त्यांचा दिवस असतो. ही मुले लवकर शहाणी होतात, हे मी वर्षानुवर्षे पाहते. परंतु तुलना जपून करावी. आई-बाप गुढीपाडव्याच्या सुमारास परततील, हे केजच्या मुलाला ठाऊक असते. सुदानच्या मुलाला आपले आई-बाप जिवंत आहेत की नाहीत, हेही ठाऊक नव्हते. काहींना अनेक वर्षांनी दूरध्वनीवर आईचा आवाज ऐकायला मिळाला, तेव्हा इतकी वर्षे न केलेला शोक आता करायचा की नाही, असा पेच पडला असेल. अशा मनाला उभारीचे गुण कसे द्यायचे, हे मला तरी उमगत नाही.

प्रतिसाद, औसा
१९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने आपल्या भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. ती निर्वासित नव्हती, देश आणि भाषा तीच होती, हे मान्य. पण ती एकत्र गेली, शेजारच्या खाटेवर आपल्याच बोलीत बोलणारे कोणीतरी होते, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. याउलट १९३८-३९ मध्ये नाझी छळातून सुटून सुमारे १०,००० मुले ब्रिटनला गेली, तेव्हा कित्येक भावंडे वेगवेगळ्या घरांत विभागली गेली. म्हणून परभणीकरांना माझी विनंती अशी की, उभारी एकेका मुलाच्या अंगी शोधण्यापेक्षा त्याच्या शेजारी कोण होते, हे आधी विचारावे.

धागाकर्ता, अंबाजोगाई
औसेकरांचे म्हणणे पटले, आणि परभणीकरांचा ‘उभारी’ हा शब्दही मी घेतो. परंतु व्यवस्थेचा एक भाग कोणीच बोलला नाही. सुदानच्या या मुलांपैकी अनेकांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून अंदाजाने वर्ष ठरवून कागदावर १ जानेवारी लिहिली गेली. (आपल्याकडे गुरुजींनी निम्म्या वर्गाला १ जून बहाल केली, तसेच हे, माझीही जन्मतारीख तीच आहे.) आपल्या १ जूनने फार तर निवृत्ती आधी येते. अमेरिकेत मात्र त्या अंदाजावर सारे ठरले : अठराखालचा ठरलेला मुलगा पालनकर्त्या कुटुंबात व शाळेत गेला, अठराच्या वरचा ठरलेला तीन-चार सोबत्यांसह भाड्याच्या घरात गेला, आणि काही महिन्यांची मदत संपण्याआधी नोकरी शोधून विमानभाड्याचे कर्ज फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. एकाच वाटेने चालत आलेल्या दोघांपैकी एक पुढे शिकला आणि दुसरा मागे पडला, तर फरक उभारीचा होता की कारकुनाच्या लेखणीचा?

प्रतिसाद, परभणी
लेखणीचाही होता, हे मान्य करतो. मात्र सोबत्यांसह राहिलेला प्रत्येक जण मागेच पडला, हे आपण गृहीत धरलेत, सर. परक्या कुटुंबात कोणी कधी झोपावे आणि कोणाचे ऐकावे, यावरून खटके उडत. वर्षानुवर्षे स्वतःचा कारभार स्वतः पाहिलेल्या मुलाला पुन्हा लेकरू होणे जड जात असणार. त्या भाड्याच्या घरात मात्र काकुमाचाच गट पुन्हा एका चुलीवर जेवत होता. औसेकरांच्या कसोटीने पाहिले, तर तिथे शेजारी कोण होते, हे आपणच सांगा.

प्रतिसाद, शिक्षिका, केज तालुका
शेजारी सोबती होते, परभणीकर. पण रात्रपाळी करून आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला ताप आल्यावर त्याच्या उशाशी बसायला दुसरा वीस वर्षांचा मुलगाच होता, आणि त्यालाही पहाटे कामावर जायचे होते.