ऑपरेशनमध्ये सलाईन किती, हे कोण ठरवणार?

तासगावकर: चुलत्यांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन गेल्या महिन्यात मिरजेत झालं. बिलात 'कार्डियाक आउटपुट सेन्सर' म्हणून बारा हजार वेगळे, तेही रोख. म्हणे, हृदय दर ठोक्याला किती रक्त फेकतं ते बघून सलाईन देतात. मिरजेत वानलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं. तेव्हापासून पेशंट बरे होतच आहेत ना? नाडीवर बोट, लघवीच्या पिशवीवर नजर, एवढं पुरत होतं. माझ्या मते ही लूट आहे.

भूलवाला_मिरज: 'नाडीवर बोट पुरत होतं' हे वाचून राहवलं नाही. वीस वर्षं टेबलाच्या डोक्याशी बसतोय. रक्त कमी पडलं की शरीर आधी रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं. बीपी पडतं तोवर उशीर झालेला असतो. भुलेत लघवी तशीही कमी होते, तिच्यावर भिस्त ठेवून बाटल्या चढवल्या की आतडं सुजतं, टाक्यांवर ताण येतो, फुप्फुसात पाणी. हात आखडला तर किडनीवर बेततं. २०१८ च्या रिलीफ चाचणीत पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचे सुमारे ३००० पेशंट होते. सलाईन आखडून दिलेल्यांत किडनीला इजा ८.६ टक्के, सढळ दिलेल्यांत ५ टक्के. मग किती द्यायचं? २५० मिली पाच-दहा मिनिटांत द्यायचं आणि ठोक्यामागचं रक्त बघायचं. दहा टक्के वाढलं तर हृदयाला अजून हवंय. नाही वाढलं तर थांबायचं. सेन्सर त्यासाठी.

विट्याचा_भूलतज्ज्ञ: सर, तत्त्व मान्य. पण पेशंटला फायदा किती, ते सांगा ना. ऑप्टिमाइझ चाचणी, २०१४, ब्रिटनमधले ७३४ पेशंट. असं मोजून सलाईन दिलेल्यांत गुंतागुंत ३६.६ टक्के, नेहमीच्या पद्धतीनं दिलेल्यांत ४३.४, आणि तो फरकही सांख्यिकीत टिकला नाही. मग ऑप्टिमाइझ-२, जवळपास २५०० पेशंट, २०२४ चा निकाल: ऑपरेशननंतरचे संसर्ग कमी झाले नाहीत. स्वान-गँझ कॅथेटर आठवा, हृदयातले दाब आणि रक्तप्रवाह मोजायची नळी. १९७० मध्ये आला, तीस वर्षं आपण हृदयात नळ्या घातल्या, आणि २००३ मध्ये १९९४ पेशंटांच्या चाचणीत फायदा शून्य. नाडी अनियमित असेल तर या सेन्सरचे आकडेही फसवतात. विट्यात मी सेन्सरशिवाय भूल देतो, माझे पेशंट घरी चालत जातात.

भूलवाला_मिरज: सगळ्यांना लावा असं मी कुठं म्हटलं? हर्नियाला कोण लावतं? सत्तरीचा पेशंट, हृदय कमजोर, चार तासांचं ऑपरेशन, रक्त जाणार, तिथं लावा म्हणतोय.

सिस्टर_विश्रामबाग: सेन्सरचं भांडण करताय, पण सलाईनचं वेड नातेवाइकांचंच आहे हो. तिसऱ्या दिवशी पेशंट पेज प्यायला लागला, बाटली काढली, तर मुलगा माझ्या अंगावर धावून आला. 'एवढे पैसे भरले आणि बाटली बंद?' नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. ताकद कुठून येणार त्यातून?

पलूसचा_बागायतदार: ताई, छाटणीच्या दिवसांत आमच्या बायका दिवसभर द्राक्षबागेत वाकून असतात. अशक्तपणा आला की दवाखान्यात बाटली लावून घेतात, दुसऱ्या दिवशी उभ्या राहतात. शहाणपण सांगू नका.

सिस्टर_विश्रामबाग: तासभर पाठ टेकायला मिळते म्हणून उभ्या राहतात, दादा! तोच तास घरी द्या, मीठ-साखर-पाणी द्या.

विट्याचा_भूलतज्ज्ञ: बाटली न लावणाऱ्या डॉक्टरकडं गावात पेशंट परत येत नाही, हेही लिहा.

वाळव्याची_लेक: तुमचे आकडे बाजूला ठेवा. २०१६ साली आईचं आतडं फुटलं, रात्री ऑपरेशन. दवाखान्याचं नाव घेत नाही. सकाळी पाय एवढे सुजले की जोडवी निघेनात. वॉर्डबॉयनं कटरनं कापली. मी तिचं पाऊल धरून बसले होते, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. चार्टवर एका रात्रीत साडेसहा लिटर. दोन दिवस व्हेंटिलेटर. कुणीतरी मोजायला हवं होतं.

विट्याचा_भूलतज्ज्ञ: आतडं फुटल्यावर जंतुसंसर्गात रक्तवाहिन्या पाझरतात, पाणी द्यावंच लागतं. सेन्सर असता तरी सूज आली असती.

वाळव्याची_लेक: तुम्ही तिथं होता का? माझ्या आईचा निकाल इथं बसून लावताय?

विट्याचा_भूलतज्ज्ञ: चुकलं, ताई. साडेसहा लिटर जास्तच वाटतात. अशा पेशंटला मीही मोजलं असतं, मशीन असतं तर.

भूलवाला_मिरज: एवढंच म्हणत होतो मी.

तासगावकर: फाइलची झेरॉक्स काढून आणली. भुलेच्या कागदावर ११.४० ला '२५० दिले, वाढ नाही, थांबवले' असं लिहिलंय. दुपारी रक्त गेल्यावर परत २५०, तेव्हा वाढ आहे. म्हणजे बघत होते. ठीक, लूट हा शब्द मागं घेतो. पण सही घेताना एकानंही बारा हजारांचं सांगितलं नाही, चुलतभावानं डिस्चार्जच्या दिवशी दारात उसने मागितले. ते मी सोडणार नाही.

भूलवाला_मिरज: सोडू नका. आदल्या संध्याकाळी पेशंट तपासायला आम्हीच जातो, तेव्हाच सांगायला हवं होतं.