मदत हवी आहे : पेपर पब्लिश होऊन चार महिने झाले, स्कोपसवर दिसतच नाहीये

बगॅसराख
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. पेपर पब्लिश होऊन चार महिने होत आले पण स्कोपसवर (संशोधन पेपर्सच्या ऑनलाइन सूचीत) अजून येत नाहीये. २२ दिवसांनी प्री-सिनॉप्सिस, म्हणजे थीसिस द्यायच्या आधीचं सादरीकरण आहे आणि आमच्या पीएचडी सेलला अर्जासोबत स्कोपसचा स्क्रीनशॉट लागतो, तो नसेल तर फाईल पुढे सरकतच नाही. जर्नलला तीन मेल टाकले, तिन्ही वेळा "प्रोसेस चालू आहे" एवढंच उत्तर. स्कोपसला थेट कळवता येतं का? साधारण किती दिवसांत दिसतं? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा, कॉलेजात परीक्षेच्या ड्युट्या चालू आहेत, मला रात्रीच बघायला मिळतं.

ओंकार_यंत्र
माझा एक पेपर तीन आठवड्यांत आला होता आणि दुसऱ्याला जवळजवळ तीन महिने लागले. वाट बघा, येतो. स्कोपसच्या सपोर्टला फॉर्म भरता येतो, पेपरची लिंक द्यायची, ते बघतात.

वाचनालय_काका
वाट बघण्याआधी तीन गोष्टी सांगा. जर्नलचं नाव, आयएसएसएन म्हणजे जर्नलचा नंबर, आणि डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर. या तिन्हीशिवाय कुणी काही सांगितलं तर तो अंदाजच असणार.

बगॅसराख
काका, नाव इथे टाकत नाही, आमच्या डिपार्टमेंटचे लोक इथे वाचतात. पण जर्नल स्कोपसमध्ये आहे, मी स्वतः सोर्स लिस्टमध्ये आयएसएसएन टाकून बघितलंय, ॲक्टिव्ह दाखवतंय. युरोपातल्या एका विद्यापीठाचं आहे. साईटवर यूजीसी केअर (यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी) ग्रुप २ असंही लिहिलंय.

सह्याद्री_सर
मॅडम, मुळात पेपरची गरजच काय? यूजीसीचे नवीन पीएचडी नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, त्यात थीसिस द्यायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढून टाकलीय. त्या गॅझेटची प्रत घेऊन सरळ कुलसचिवांकडे जा. आपले लोक नियम वाचत नाहीत आणि सेलमधला क्लार्क सांगेल ते ऐकत बसतात. मी स्वतः दोन विद्यार्थ्यांसाठी भांडलोय.

लॅबमधली
सर, यूजीसीने सक्ती काढली, विद्यापीठाने स्वतःच्या ऑर्डिनन्समध्ये (नियमावलीत) अट ठेवायची नाही असं कुठे म्हटलंय? बहुतेक ठिकाणी ती ठेवलेलीच आहे. आणि ताईंचं रजिस्ट्रेशन कोणत्या वर्षीचं ते तरी आधी विचारा.

बगॅसराख
रजिस्ट्रेशन जुलै २०१९. पार्ट टाईम. एक्स्टेन्शनवर आहे.

लॅबमधली
मग २०२२ चे नियम तुम्हाला लागूच नाहीत. ते यायच्या आधी ज्यांचं रजिस्ट्रेशन झालं त्यांना जुने, म्हणजे तुमच्या बाबतीत २०१६ चे नियम. त्यात रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणाऱ्या, जर्नलमध्ये किमान एक पेपर आणि कॉन्फरन्समध्ये दोन प्रेझेंटेशन असं स्पष्ट आहे. गॅझेट घेऊन गेलात तर तेच गॅझेट तुमच्यासमोर ठेवतील.

सह्याद्री_सर
२०१६ च्या नियमात रेफरीड जर्नल म्हटलंय, स्कोपस म्हटलेलं नाही. माझा मुद्दा तिथे कायम आहे.

वाचनालय_काका
तो वाद नंतर घाला. केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता जी साईट केअरचा शिक्का मिरवते तिच्याकडे दोनदा बघायचं. आणि आयएसएसएन सोर्स लिस्टमध्ये असणं म्हणजे तुमचा पेपर त्याच जर्नलमध्ये आहे असं नव्हे. आयएसएसएन हा आठ आकड्यांचा नंबर आहे, कुणीही कुठल्याही पानावर छापू शकतो. बगॅसराख, डीओआयचे सुरुवातीचे आकडे सांगा, तेवढ्याने नाव कळत नाही.

बगॅसराख
१०.५२८१ ने सुरू होतो. पुढे झेनोडो असं काहीतरी आहे. का?

वाचनालय_काका
ताई, पैसे भरले होते का? किती आणि कोणाच्या नावावर? रिव्ह्यूअरच्या कॉमेंट्स किती आल्या होत्या? महिन्याला किती पेपर निघतात त्या साईटवर?

बगॅसराख
२६,००० भरले, यूपीआयने, कुठल्यातरी पब्लिकेशन सर्व्हिसेस नावाच्या खात्यावर. आमच्याच गाईडकडच्या सीनियर स्कॉलरने व्हॉट्सॲप नंबर दिला होता, त्याचं काम झालं होतं. सहा दिवसांत ॲक्सेप्टन्स आला. कॉमेंट फक्त एक, फॉर्मॅट नीट करा. महिन्याचा अंक आहे, ज्या अंकात मी आहे त्यात माझा ३१७ वा पेपर आहे. माझ्या आधीचा योगासनांवर आहे आणि नंतरचा जीएसटीवर. तेव्हा खटकलं होतं पण मल्टिडिसिप्लिनरी असेल असं वाटलं. तुम्ही असं का विचारताय, मला भीती वाटायला लागलीय.

वाचनालय_काका
हे क्लोन जर्नल दिसतंय. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून दुसऱ्याच लोकांनी वेगळ्या पत्त्यावर साईट उघडायची, हा प्रकार मी ग्रंथालयात असताना पुष्कळ पाहिलाय. केअरच्या साईटवर तर खरं आणि क्लोन अशा जोड्यांची वेगळी यादीच होती. झेनोडो ही सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने चालवलेली चांगली जागा आहे पण तिथे कुणीही खातं उघडून फाईल चढवू शकतं आणि लगेच डीओआय मिळतो. त्या डीओआयचा अर्थ फाईल तिथे ठेवलीय एवढाच, जर्नलने छापलं असा नाही. आता एवढं करा. आयएसएसएन पोर्टलवर नंबर टाका, तिथे प्रकाशक आणि देश दिसेल, बऱ्याचदा साईटचा पत्तापण असतो. मग स्कोपसमध्ये त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांतले पेपर उघडा, वर्षाला किती आहेत आणि कोणत्या विषयातले ते बघा.

बगॅसराख
बघितलं. खरं जर्नल तिमाही आहे आणि वर्षाला चाळीसेक पेपर निघतात. पत्ता वेगळाच आहे. आमच्या साईटचं नाव जवळजवळ तेच, पण मध्ये एक डॅश आहे आणि शेवट वेगळा.
साडेतीन वर्षांचं काम आहे हो हे. काळी माती, चुना आणि उसाच्या बगॅसची (रस काढून उरलेल्या चोथ्याची) राख. कारखान्यातून राख मी स्वतः पोत्यातून आणलीय, चाळलीय, प्रत्येक मिक्सचे तीन-तीन नमुने, चार दिवस पाण्यात भिजवून सीबीआर (माती किती भार पेलते त्याची चाचणी), २८ दिवस क्युअरिंग करून स्ट्रेंग्थ. लेक्चर्स संपल्यावर लॅब उघडून मिळायची, शिपाई दादा माझ्यासाठी सात वाजेपर्यंत थांबायचे. आता काय करू सांगा.

उमरगेकर
मॅडम विषय निघालाच आहे तर विचारतो, आमच्याकडे घराचं काम काढलंय, काळी जमीन आहे, दहा फुटांपर्यंत मुरूम लागत नाहीये. शेजारच्यांच्या भिंतींना उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही राख आणि चुना पायात टाकली तर चालेल का?

परदेशस्थ_पोस्टडॉक
बगॅसराख, मी गेली चार वर्षं जर्मनीत आहे, इथेसुद्धा यात अडकलेले लोक भेटलेत, हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. रिट्रॅक्शन वॉच ही मागे घेतलेल्या पेपर्सवर लक्ष ठेवणारी साईट आहे, ते २०२२ पासून हायजॅक झालेल्या, म्हणजे अशी नाव चोरलेल्या जर्नल्सची यादी चालवतात, सगळ्यांना बघता येते. तुमचं त्यात आहे का बघा, असेल तर तोच तुमचा कमिटीपुढचा पुरावा.

ओंकार_यंत्र
मी मघाशी वाट बघा म्हटलं ते मागे घेतो. माझं मत, पेपर तोच आहे तो उचला आणि दुसऱ्या चांगल्या जर्नलला लगेच पाठवा. ती साईट कोण बघतंय?

परदेशस्थ_पोस्टडॉक
न सांगता पाठवू नका!! चांगलं जर्नल आल्या आल्या सिमिलॅरिटी चेक लावतं आणि तुमचाच मजकूर नव्वद टक्के जुळलेला दाखवतं. मग एडिटरला ते डुप्लिकेट पब्लिकेशन वाटतं आणि ज्याची फसवणूक झाली तोच गुन्हेगार ठरतो. पाठवायचा तो कव्हर लेटरमध्ये सगळं लिहून पाठवायचा, की नाव चोरलेल्या साईटने हा मजकूर ठेवलाय, आम्ही मागे घ्यायला सांगितलंय, हे त्याचे मेल.

ओंकार_यंत्र
मग त्या झेनोडोवरच्या कॉपीला प्रीप्रिंट म्हणा की. प्रीप्रिंट बरीच जर्नल्स चालवून घेतात.

परदेशस्थ_पोस्टडॉक
प्रीप्रिंट लेखक स्वतः ठेवतो आणि तसं म्हणून ठेवतो. त्या फाईलवर व्हॉल्यूम, इश्यू, पान नंबर सगळं छापलंय, तिला प्रीप्रिंट म्हणणं खोटं होईल. जे झालं तेच लिहा. झेनोडोला मात्र कळवा, की आमची फाईल परवानगीशिवाय आणि दुसऱ्या जर्नलच्या नावाने चढवलीय.

लॅबमधली
कॉपीराईट फॉर्मवर सही केली होती का ताई? आणि को-ऑथर कोण कोण आहेत?

बगॅसराख
फॉर्म आला होता, सही करून पाठवला. को-ऑथर फक्त गाईड. सरांना अजून सांगितलं नाहीये. ते खूप कडक आहेत, वर्षाला दोनदा आरएसी (संशोधनाचा आढावा घेणारी समिती) असते त्यात सगळ्यांसमोर बोलतात.

लॅबमधली
सरांना उद्याच सांगा. त्यांचंही नाव त्या पेपरवर आहे, त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळलं तर फार वाईट होईल. आणि तोच नंबर त्यांच्या अजून एका स्कॉलरने वापरलाय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे त्याचाही पेपर तिथेच असणार. एकटीचा प्रश्न म्हणून जाऊ नका.

सह्याद्री_सर
या सगळ्याचं मूळ कुणी बोलत नाही. असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएचडी पाहिजे, पीएचडीला पेपर पाहिजे, आणि हे सगळं करायचं कधी? प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजातला असिस्टंट प्रोफेसर आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवतो, वरून कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, नॅकच्या फायली, एनबीएच्या फायली, उन्हाळ्यात ॲडमिशनसाठी ज्युनिअर कॉलेजं फिरायची. लॅबला पैसे नाहीत, सुट्टी नाही, पण मार्चपर्यंत दोन स्कोपस द्या म्हणून मेल येतो. मग व्हॉट्सॲपवरचे हे लोक बरोबर दार ठोठावतात. मी तेवीस वर्षं बघतोय, मला याचा फार त्रास होतो.

वाचनालय_काका
सर, ते खरं आहे, पण तिला २२ दिवस आहेत.

नेट_सेट_तयारी
पीएचडी एन्ट्रन्स न देता ॲडमिशन मिळतं का कुठे? नेट आहे माझं.

लॅबमधली
वेगळा धागा काढा प्लीज.

मातीवाला_जुना
@उमरगेकर, राख टाकू नका. मॅडमचं काम रस्त्याच्या खालच्या थरासाठी आहे, सीबीआर म्हणजे तेच. घराच्या पायाचं गणित वेगळं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाईट नावाचं खनिज असतं, पाणी शोषलं की फुगते आणि वाळली की आकसते, तुमच्या शेजाऱ्यांच्या भेगा त्याच्याच. आयआयटी मुंबईत प्रा. कट्टी होते, त्यांनी यावर आयुष्य घातलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवायचा, म्हणजे खालची माती वर उचलत नाही, हे त्यांनी मोठमोठ्या टाक्यांमध्ये प्रयोग करून दाखवलं. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर ते वापरलंय. त्याला सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) थर म्हणतात. तुमच्याकडे दहा फुटांतही मुरूम नाही म्हणजे अंडर-रीम्ड पाईल (खाली फुगीर केलेले खोल खांब) लागेल असं दिसतंय, पण आधी मातीची टेस्ट करा. फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती किती फुगते ती टेस्ट, स्वस्तात होते, जवळच्या पॉलिटेक्निकलाही करून देतात.
बगॅसराख, तुमचा डेटा चांगला वाटतोय. भिजवलेला सीबीआर किती आला?

बगॅसराख
नुसत्या मातीचा दोनच्या खाली होता, चुना आणि राख घालून आठच्या वर गेला. राख जास्त झाली की परत उतरतो.

मातीवाला_जुना
मग हे चांगल्या जर्नलला जाण्यासारखं आहे. ते परत का उतरतं त्याची मांडणी वाढवा, राखेतली सिलिका आणि चुना यांचं प्रमाण बघा. खरे रिव्ह्यूअर पहिला प्रश्न तोच विचारतील आणि पेपर त्याने सुधारेल.

वाचनालय_काका
बगॅसराख, हे क्रमाने करा. सगळे मेल, पावती, व्हॉट्सॲप चॅट, साईटची पानं पीडीएफ करून ठेवा, अशा साईट्स रातोरात गायब होतात. मग त्यांना पेपर मागे घेतोय असा मेल तुमच्या आणि गाईडच्या सहीने. त्याच दिवशी खऱ्या जर्नलच्या संपादकांना मेल, की तुमच्या नावाने अशी साईट चालू आहे आणि हा पेपर तुमच्याकडे आलाय का. त्यांनी नाही म्हणून लिहिलं की तो मेल म्हणजे सोनं. पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा आणि सायबर पोर्टलवर तक्रार टाका. चार महिन्यांनी पैसे परत येणं अवघड आहे, पण तक्रार क्रमांक पीएचडी सेलला दाखवता येतो.

लॅबमधली
आणि मुदतीचं. २०१६ च्या नियमात सहा वर्षांवर महिला उमेदवारांना दोन वर्षं जास्तीची सवलत आहे, शिवाय बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंत रजा एकदा घेता येते. तुमचं एक्स्टेन्शन यातलं आहे का साधं?

बगॅसराख
साधं. सहा महिन्यांचं. महिलांची सवलत मला कुणी सांगितलीच नाही, मीही विचारलं नाही. मुलगी २०२१ मध्ये झाली, तेव्हाची रजा फक्त कॉलेजला दाखवली होती, विद्यापीठाला कळवलीच नाही.

लॅबमधली
म्हणजे तुमच्याकडे जुलै २०२७ पर्यंत वेळ असू शकतो. २२ दिवसांत काहीतरी ओढूनताणून जोडण्यापेक्षा प्री-सिनॉप्सिस पुढे ढकला आणि मुदतवाढीचा अर्ज या कारणासकट द्या. विद्यापीठाचा ऑर्डिनन्स नीट वाचून मगच, तिथले शब्द वेगळे असू शकतात.

सह्याद्री_सर
हे मला सुचलं नव्हतं, चांगलं सांगितलंत. मॅडम, अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लिहून देतो.

बगॅसराख
चार दिवसांनी लिहितेय. सरांना सांगितलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले कागद दाखव. दुसऱ्या स्कॉलरलाही बोलावलं, त्याचा पेपर तिथेच निघाला आणि त्याची थीसिस सबमिट झालेली आहे, त्यामुळे त्याचं आता काय ते सर बघतायत. पेपर मागे घेतल्याचा मेल आमच्या दोघांच्या सहीने गेला, उत्तर नाही, तो व्हॉट्सॲप नंबर बंद आहे. खऱ्या जर्नलच्या संपादकांचं उत्तर मात्र दुसऱ्याच दिवशी आलं, तुमचा पेपर आमच्याकडे कधीच आला नाही असं लिहून दिलंय. सायबरची तक्रार टाकली. सह्याद्री सर, मसुदा मिळाला, खूप आभार. उद्या मुदतवाढीचा अर्ज द्यायला जातेय. कॉन्फरन्सची दोन प्रेझेंटेशन्स झालेली आहेत, त्यांच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्स लावू का अर्जाला?

वाचनालय_काका
लावा, आणि मूळ प्रती बरोबर ठेवा. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.