२० वर्षांची आरएक्स-८ : इंजिन उघडू की गाडीच काढून टाकू?

रेडिंगचा_राघू

नमस्कार मंडळी, यूकेतले गाडीवेडे इथे बरेच आहेत म्हणून हा धागा. माझ्याकडे २००५ ची माझदा आरएक्स-८ आहे, २३१ पीएसवाली, सहा गिअरची. ऑफिसातल्या एकाकडून बाराशे पौंडात घेतली तेव्हाच सगळे म्हणाले की एवढ्यात स्पोर्ट्स कूपे मिळतेय म्हणजे काहीतरी गोम असणार, आणि गोम कुठे आहे ते मलाही माहीत होतं, रोटरी इंजिन. तरी घेतली. मागचे दोन छोटे दरवाजे उलटे उघडतात, मधे खांब नाही, मागे मुलीची सीट व्यवस्थित बसते, घरी मंजुरी मिळाली ती या एका मुद्द्यावर. (सासूबाई आल्या तेव्हा मागे बसल्या, तोवर काही बोलल्या नाहीत. पार्किंगमधे शेजारचा अगदी चिकटून लावून गेला आणि पुढचा दरवाजा उघडल्याशिवाय मागचा उघडतच नाही हे कळलं, मग बोलल्या.)

चालवायला काय आहे ते ज्याने चालवलीय त्यालाच कळेल, ९००० आरपीएमपर्यंत सुई जाते आणि कुठे धडधड नाही, उलट बीप वाजला नाही तर गिअर बदलायचं लक्षातच राहत नाही.

तर आता प्रॉब्लेम. सकाळी थंड असताना एका चावीत सुरू होते. पण चालवून गरम झाली, पेट्रोलला थांबलो, पाच-दहा मिनिटांनी परत चावी मारली की स्टार्टर नुसता फिरत राहतो. परवा पंपावर मागे रांग लागलेली आणि मी आपला चावी धरून बसलोय, मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न पण नाही मारला, नुसता बघत होता, ते जास्त वाईट. शेवटी लागली. आयडलला पण जरा थरथरते. इंजिन लाइट नाहीये. घराजवळच्या गॅरेजवाल्याने काही न मोजता "इंजिन गेलं, भंगारात घाला" सांगितलं. एका रोटरीवाल्याने फोनवर रीबिल्डचे साडेतीन ते चार हजार पौंड सांगितले. बाराशेच्या गाडीवर चार हजार, बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं. जाणकारांनी सांगा, खरंच इंजिन गेलंय का, आणि गेलं असेल तर एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

अपेक्स_सील_आजोबा

राघूशेठ, लक्षण चांगलं नाही पण न मोजता निकाल देणाऱ्याकडे परत जाऊ नका. माझ्याकडे एक २००४ ची आणि एक आर३ (आरएक्स-८ चंच नंतरचं मॉडेल) अशा दोन होऊन गेल्यात, त्यामुळे जरा लांबण लावतो.

या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग बेल्ट नाही. समोशासारखे तिकोनी दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन टोकांना अपेक्स सील, ते हाउसिंगच्या भिंतीला घासत फिरतात. १.३ लिटरमधून २३१ पीएस येते ती अशी, २००३ ला इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर उगाच नाही मिळालं. पण कॉम्प्रेशन धरून ठेवायचं सगळं काम सीलचं. ती झिजली की पहिली तक्रार गरम असतानाच येते, कारण गरम तेल पातळ होतं, फटी भरून काढत नाही, आणि स्टार्टर पण गरम झाला की हळू फिरतो. थंड असताना तेलाच्या जोरावर निभावतं.

आता "स्टार्टर हळू" हे नीट वाचा. बॅटरी अर्धमेली, स्टार्टर म्हातारा, तरी हुबेहूब हेच लक्षण येतं. दुसरं म्हणजे कॉइल, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या. चार कॉइल आणि चार प्लग असतात, दोन लीडिंग (आधी ठिणगी देणारे) दोन ट्रेलिंग (मागून देणारे). कॉइल साधारण तीस हजार मैलांत मरायला लागतात आणि मरताना लाइट लावतीलच असं नाही. मेलेल्या कॉइलमुळे न जळलेलं पेट्रोल कॅटमधे (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं, कॅट वितळून चोक होतं, गरम हवा अडकते आणि मग खरोखरच सील जातात. म्हणजे दीड-दोनशे पौंडाच्या कॉइल वेळेवर बदलल्या नाहीत म्हणून चार हजाराचं इंजिन जातं, हे मी कितीतरी गाड्यांचं बघितलंय. तुमची आयडलची थरथर मला कॉइलची वाटते. आधी चारी कॉइल, प्लग आणि वायर बदला, चांगल्या कंपनीच्या, ऑनलाइन चार मिळून चाळीस पौंडवाल्या नकोत.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, पण रोटरीच्या टेस्टरवर. साधा गेज लावला तर तिन्ही बाजूंतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो, दोन बाजू मेल्या असल्या तरी सगळं छान दिसतं. रोटरीचा टेस्टर एका रोटरचे तीन असे सहा आकडे देतो आणि किती आरपीएमला फिरवलं तेही देतो. इंजिन गरम पाहिजे, बॅटरी फुल चार्ज पाहिजे. २५० आरपीएमला ६.८ बारच्या खाली गेलं की माझदाच्या मॅन्युअलप्रमाणे इंजिन बाद. एकाच रोटरच्या बाजूंमधे १.५ बारपेक्षा आणि दोन रोटरमधे १ बारपेक्षा जास्त फरक नको.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एक्सेंट्रिक शाफ्ट सेन्सरचा प्लग काढा (मग स्पार्क पण नाही, पेट्रोल पण नाही), एक लीडिंग प्लग काढा आणि कोणाला तरी चावी मारायला सांगून त्या भोकापाशी कान द्या. फुस फुस फुस असं एका तालात आलं तर ठीक. फुस फुस हं, फुस फुस हं असं आलं तर एक बाजू गेली. मग दुसऱ्या रोटरला तेच. आवाज फोनवर रेकॉर्ड करून इथे टाका.

हिशोबनीस_लेस्टर

मी स्पष्टच बोलतो, राग मानू नका. आजोबा बोलले ते सगळं खरं असेल पण त्यातच उत्तर आहे ना, ज्या गाडीला रोज कान लावून बसावं लागतं ती गाडी कशाला. मायलेज किती देते, गॅलनला १८? तेल वेगळं पिते. वर्षाचा रोड टॅक्स सव्वाचारशे पौंडाच्या वर. आणि ही तर २००५ ची म्हणून, २३ मार्च २००६ नंतर रजिस्टर झालेली असती तर किलोमीटरला २५५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बँडमधे जाऊन साडेसातशेच्या वर गेली असती, म्हणून तर त्या नंतरच्या गाड्या कवडीमोलाने विकायला असतात. चार हजार घालून तुमच्या हातात काय राहणार, अडीच हजाराची गाडी. त्याच पैशात एमएक्स-५ येते, ती पण माझदाच, मागून ढकलणारी, आणि कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून करतो. मुलीच्या सीटचा प्रश्न असेल तर सेलिका बघा. जीटी८६ अजून महाग आहे पण दोन वर्षं थांबलात तर ती पण खाली येईल.

कोथरूडचा_क्लच

वाचूनच मजा आली. राघूभाऊ एक बावळट प्रश्न, तिकडे बाराशे पौंडाला मिळतात तर कंटेनरमधे घालून इकडे पाठवता येते का एखादी? आपल्याकडे तर अधिकृत आलीच नाही कधी. ल मान्सच्या शर्यतीत १९९१ मधे माझदाची रोटरीवाली ७८७बी जिंकली त्याचं पोस्टर होतं माझ्या हॉस्टेलच्या खोलीत.

अपेक्स_सील_आजोबा

क्लचभाऊ, नाही. जुनी गाडी भारतात आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि आरएक्स-८ बनायचीच २०१२ ला बंद झाली. पोस्टर सांभाळा.

हिशोबनीस, आकडे तुमचे बरोबर आहेत. पण रीसेलचा हिशोब करून कोणी रोटरी घेत नाही हो. तेल पिते म्हणाल तर ती प्यायलाच बनवलीय, सील ओले ठेवायला पंप थेट आत तेल सोडतो. माझी हजार मैलाला अर्धा-पाऊण लिटर प्यायची. पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची, डिकीत एक लिटरचा डबा ठेवायचा, झालं. जो बघत नाही त्याचं इंजिन जातं आणि मग तो सगळ्या गावाला सांगतो की गाडी वाईट.

एमओटीवाली_ताई

राघू, मी एमओटी सेंटरला (यूकेतली गाड्यांची दरवर्षीची सक्तीची तपासणी) काम करते, या गाड्या आमच्याकडे येतात, आता फार कमी येतात पण येतात. तुम्ही सगळे इंजिनावर चर्चा करताय आणि गाडीखाली कोणी गेलंय का? इंजिन नवं बांधून मिळतं, बॉडी मिळत नाही. मी आरएक्स-८ नापास केल्यात त्यातल्या बऱ्याच गंजामुळे. सिल बघ, म्हणजे दाराखालची पट्टी, तिचं मागचं टोक जिथे मागच्या चाकाच्या कमानीला मिळतं तिथे. वरून रंग छान असतो, आत पाणी आणि मीठ साठून पापुद्रे सुटलेले असतात, प्लास्टिक कव्हर काढून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की कळतं, टणटण वाजलं तर पत्रा आहे, मऊ वाजलं तर नाही. पुढे ऑइल कूलर आणि त्याचे पाइप पण बघ, खाली असल्यामुळे तेही सडतात. जुनी एमओटी हिस्ट्री सरकारी साइटवर नंबर टाकून फुकट दिसते, त्यात कोरोजन अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे गंजाची सूचना, किती वर्षांपासून येतेय ते वाच. दोन-तीन वर्षं तीच ओळ येत असेल तर हिशोबनीसांचं ऐक.

आणि गंज नसेल तर मी म्हणते ठेव. असल्या गाड्या आता भंगारातच जाताहेत, बॉडी चांगली असलेली शोधून सापडत नाही.

अजून एक, टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल या गाडीला होता. आधीच्या मालकाने करून घेतलाय का ते पण नंबर टाकून तपास, बाकी असेल तर फुकट करतात. मुलगी बसते ना गाडीत.

रेडिंगचा_राघू

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. रिकॉल झालेला आहे. कॉइल, प्लग, वायर बदलल्या, आयडलची थरथर गेली, आजोबा तुमचं निदान अचूक. पण गरम स्टार्टचं तसंच. बॅटरी नवी घातली, फरक नाही. मग टेस्ट करून घेतली रोटरीवाल्याकडे, तो चाळीस मैलांवर आहे, जाताना बंदच केली नाही कुठे. आकडे, २५० आरपीएमला बदलून : पुढचा रोटर ७.२, ७.१, ६.९. मागचा ६.३, ६.१, ५.६.

ताई, कव्हर काढून ठोकून बघितलं, बायको टॉर्च धरून उभी होती. डाव्या बाजूला टणटण, उजव्या बाजूला टोकाशी तळहाताएवढा भाग मऊ. बाकी स्वच्छ. हिस्ट्रीमधे कोरोजनची ओळ फक्त गेल्याच वर्षी आलीय.

घरी चर्चा झाली. मला वाटलं होतं विषय संपला, पण उलट तीच म्हणाली की इंजिन केलं तर अजून पाच-सात वर्षं चालेल ना, मग लिहून दे की दुसरी गाडी घ्यायचं नाव काढणार नाही. लिहून दिलंय. तर आता करायचंय. फक्त, सुरू होतेच आहे तर उन्हाळ्यापर्यंत अशीच चालवून मग इंजिन काढलं तर चालेल का, पैसे जमवायला तेवढाच वेळ मिळेल.

अपेक्स_सील_आजोबा

नको. तुमचे आकडे नीट बघा, मागच्या रोटरच्या तिन्ही बाजू खाली आहेत पण जवळपास एकसारख्या खाली आहेत. म्हणजे सील झिजलंय, तुटलेलं नाही. ही चांगली बातमी आहे, कारण झिजलेल्या इंजिनाचं हाउसिंग बऱ्याचदा परत वापरता येतं. तसंच दामटत राहिलात आणि एखादं सील तुटलं तर तो तुकडा हाउसिंगच्या क्रोमवर चरे पाडत बाहेर पडतो, मग हाउसिंग पण नवं घ्यावं लागतं आणि चार हजाराचे सहा हजार कधी होतात कळत नाही. आजच थांबवा.

बिल्डरला विचारायचं ते असं : स्वतःचंच इंजिन बांधून देणार की दुसरं तयार बांधलेलं लावणार, दुसरं असेल तर त्याचे सहा आकडे लेखी द्या म्हणावं. आठच्या आसपास पाहिजेत. क्रोम आणि साइड प्लेट मोजून दाखवा, साइड सील, पाण्याचे सील, स्टेशनरी गिअरचे बेअरिंग यातलं काय नवं आणि काय जुनंच, ते बिलावर लिहून घ्या. कॅट काढून उजेडात बघा, चोक असेल तर बदलाच, नाहीतर नवं इंजिन पण त्याच मार्गाने जाईल. कॅट फेकून सरळ पाइप लावून देतो म्हणणारे भेटतील, ताई नापास करतील. स्टार्टर जास्त वेगाचा नंतर आला, तोही आत्ताच घाला, नाहीतर थंडीत इंजिन फ्लड होतं, म्हणजे आत जादा पेट्रोल साचून सुरूच होत नाही.

फ्लडवरून आठवलं, नवं इंजिन आलं की ड्राइव्हवेवरून गाडी काढून दोन फूट मागे लावायची आणि बंद करायची, असं करायचं नाही. चालू केली की गरम होईपर्यंत चालवायची. झालीच फ्लड तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चावी मारा, तेवढ्यापुरतं पेट्रोल बंद होतं आणि आतलं बाहेर पडतं. आणि रनिंग-इन (नव्या इंजिनाचे सुरुवातीचे जपून चालवायचे मैल) संपल्यावर गरम असताना रोज एकदा तरी ९००० ला न्या, कार्बन साठत नाही. पेट्रोलमधे टू-स्ट्रोक तेल मिसळायचं की नाही यावर लोक भांडतात, मी मिसळायचो, तुम्ही तुमच्या बिल्डरचं ऐका, वॉरंटी त्याची आहे.

हिशोबनीस_लेस्टर

बायकोच तयार असेल तर मी कोण. पण त्या तळहाताएवढ्या गंजाचं वेल्डिंग इंजिन बाहेर असतानाच करून घ्या, गाडी तशीही उभी राहणार आहे.

एमओटीवाली_ताई

+१, वेल्डिंग आधी. आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर ती बिल्डरच्या आवारात पोहोचली की सॉर्न (गाडी रस्त्यावर नाही अशी सरकारला नोंद) करून टाक, रस्त्यावर उभी असेल तर नाही चालत. सॉर्न फुकट आहे आणि टॅक्स परत मिळतो, पण पूर्ण उरलेल्या महिन्यांचाच, त्यामुळे ३१ तारखेला केलंस तर पुढचा महिना वाचेल आणि १ ला केलंस तर तो गेला. परत रस्त्यावर आणताना आधी टॅक्स भर, एमओटी संपलेली असेल तर फक्त बुक केलेल्या एमओटीला चालवत नेता येते. आमच्याकडे आणलीस तर मला चक्कर पाहिजे, ९००० पर्यंत.